हजार नोकऱ्यांचं आश्वासन आणि गावातली माणसं: प्रकल्पाला सवलत द्यावी की शिक्षणावर खर्च करावा?

प्रश्न असा आहे: एका भागात मोठा कारखाना यायला तयार आहे. हजार नोकऱ्या देऊ म्हणतो, बदल्यात करमाफी आणि स्वस्त जमीन मागतो. काही जणांचं म्हणणं, हाच पैसा शाळांवर आणि प्रशिक्षणावर घाला. अर्थशास्त्रातलं संशोधन यात कोणाच्या बाजूने आहे?

असे प्रस्ताव तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नोकऱ्यांचा एक आकडा असतो आणि पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा चुकीच्या गोष्टीचा आहे. तो कारखान्याच्या हजेरीपटाचा आकडा आहे. आपल्याला हवा असतो तो आज या भागात राहणाऱ्या, आज बेकार किंवा अर्धबेकार असलेल्या माणसांचा. त्यांच्यापैकी किती जण या निर्णयामुळे दहा वर्षांनी कामाला लागलेले असतील? हे दोन आकडे एकमेकांपासून किती दूर असतात ते एकदा मांडून बघितलं की निर्णयाची दिशाच बदलते.

मांडून बघू. पहिली पायरी: सवलत दिली नसती तर कारखाना आलाच नसता का? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू शहरात अपजॉन इन्स्टिट्यूट नावाची रोजगारावर संशोधन करणारी जुनी संस्था आहे. तिथले टिमोथी बार्टिक यांनी सवलतींच्या परिणामांवरचे उपलब्ध अभ्यास 2018 मध्ये एकत्र तपासले. सवलत मिळालेल्या प्रकल्पांपैकी केवळ सवलतीमुळे निर्णय फिरला असे प्रकल्प 2 ते 25 टक्के निघाले. उरलेल्यांनी तसाही तोच निर्णय घेतला असता. यात नवल नाही. उद्योग जागा निवडतो तेव्हा बाजारपेठ, रस्ता, पुरवठादार आणि हाताशी मिळणारा कामगार बघतो. राज्याचा आणि स्थानिक कर हा एकूण खर्चातला लहान हिस्सा असतो. आपण उदार होऊन 25 टक्के धरू. हजारातले अडीचशे उरले.

दुसरी पायरी गुणकाची, म्हणजे कारखान्यातल्या एका नोकरीमागे भागात एकूण किती नोकऱ्या उभ्या राहतात त्या आकड्याची. कारखान्याला सुटे भाग पुरवणारे, त्याच्या कामगारांना माल विकणारे, त्यांची मुलं शिकवणारे, यांनाही काम मिळतं. अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेट्टी यांनी 2010 मध्ये काढलेला अमेरिकेतला अंदाज मोठा होता: कारखान्यातल्या एका नोकरीमागे स्थानिक सेवांमधल्या सुमारे 1.6 नोकऱ्या. पुढच्या कामांत हा परिणाम बराच लहान दिसला. भागात मजुरी आणि घरभाडं वाढतं आणि त्याचा फटका तिथल्या इतर उद्योगांना बसतो, हे त्यात मोजलं गेलं होतं. कारखान्यातली नोकरी धरून एकूण दीडपट हा अंदाज मला जास्त भरवशाचा वाटतो. प्रस्तावांत कुठे तीनपट, कुठे पाचपट लिहिलेलं असतं. असा गुणक दिसला की तो कुठून घेतला हे लेखी विचारावं. अडीचशेचे पावणेचारशे झाले.

तिसरी पायरी लोक सहसा विसरतात, आणि तीच सगळ्यात मोठी आहे. या पावणेचारशे जागांवर कोण बसतं? रोजगार वाढला की बाहेरची माणसं येतात, आणि त्यांनी यावं यात काहीच गैर नाही. पण बार्टिक यांच्या 1991 पासूनच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसतं की दीर्घकाळात अमेरिकेतल्या शहरांमध्ये नव्या नोकऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाचा फायदा मूळ रहिवाशांच्या रोजगारात उतरतो. बाकीचा हिस्सा लोकसंख्या वाढण्यात जातो. पावणेचारशेचा पाचवा हिस्सा पंचाहत्तर. हजारावरून निघालो आणि पाऊणशेवर पोहोचलो, तेही पहिल्या पायरीवर उदार राहून. सवलतीची रक्कम हजाराने भागली तर दर नोकरीचा खर्च माफक दिसतो. पंचाहत्तरने भागली की तोच खर्च तेरा पटींहून जास्त होतो.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे दुसरीकडे उचलून लावू नयेत. जिथे माणसं कामासाठी सहज गाव सोडत नाहीत तिथे स्थानिकांचा हिस्सा जास्त असेल. जिथे कारखान्याला लागणारं कौशल्य स्थानिकांकडे मुळीच नाही तिथे तो कमी असेल. गणिताच्या पायऱ्या मात्र सगळीकडे याच राहतात.

तो पाचवा हिस्सा तरी का टिकतो, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एखाद्या लहान वर्कशॉपमधला कुशल माणूस नव्या कारखान्यात जातो. त्याच्या जागी त्याचा मदतनीस चढतो. मदतनीसाच्या जागी कधीच नियमित काम न केलेला मुलगा येतो. नोकऱ्यांची अशी साखळी सरकते आणि तिच्या शेवटच्या टोकाला बेकार माणूस असेल तरच भागाचं खरं भलं होतं. त्या मुलाला वेळेवर येणं, यंत्र हाताळणं, वरिष्ठाशी बोलणं हे सगळं येऊ लागतं. चार वर्षांनी कारखाना बंद पडला तरी हे त्याच्याजवळ राहतं आणि पुढची नोकरी त्याला लवकर मिळते. म्हणून कारखान्यात थेट किती स्थानिक घेतले एवढंच मोजणं अपुरं आहे. साखळीचं दुसरं टोक कुठे जाऊन थांबतं तेही पाहावं लागतं.

यावरून पुढची गोष्ट निघते. एकाच आकाराचा कारखाना दोन ठिकाणी सारखा उपयोगी नसतो. जिथे पुष्कळ हात रिकामे आहेत तिथे साखळीच्या टोकाला बेकार माणूस असण्याची शक्यता जास्त. जिथे आधीच सगळे कामाला लागलेले आहेत तिथे कारखाना आला की बाहेरून माणसं येतात आणि घरभाडं वाढतं.

तुम्ही विचाराल, मग माणसांनीच काम असेल तिथे का जाऊ नये? अर्थशास्त्राचं उत्तर बराच काळ हेच होतं. ऑलिव्हिए ब्लांशार आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी 1992 मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात रोजगार कोसळला की लोक बाहेर पडतात आणि काही वर्षांत तिथला बेकारीचा दर पुन्हा सरासरीला येतो. त्यानंतर 2013 मध्ये डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांचं काम आलं. राज्यांऐवजी त्यांनी रोजच्या ये-जा करण्यावरून आखलेले 722 रोजगार-भाग घेतले आणि चिनी आयातीचा 1990 ते 2007 मधला परिणाम तपासला. ज्या भागांतले कारखाने या आयातीपुढे टिकले नाहीत, तिथून लोक फारसे हललेच नाहीत. रोजगार कमी झाला आणि दीर्घकाळ कमीच राहिला. घर, नाती, म्हातारे आईवडील आणि दूरच्या शहरातलं भाडं या सगळ्यांचं वजन त्या जुन्या सिद्धांताने धरलं होतं त्याहून जास्त निघालं. त्यामुळे जागेकडे पाहून धोरण आखायला आज भक्कम आधार आहे. नियोजन करताना भागाची हद्द प्रशासकीय नकाशावरून न घेता रोज किती माणसं कुठून कुठे कामाला जातात त्यावरून आखावी, हा त्या अभ्यासाचा दुसरा धडा.

सवलती नेहमीच वाया जातात असं मी म्हणत नाही. भारत सरकारने 2003 मध्ये उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातल्या नव्या उद्योगांना दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ केलं आणि पहिली पाच वर्षं आयकर पूर्ण माफ केला. रितम चौरे यांनी या योजनेचा अभ्यास केला. रोजगार, उत्पादन आणि कारखान्यांची संख्या चांगलीच वाढलेली दिसली, शेजारच्या भागांतून कारखाने उचलून आणल्याचा पुरावा मिळाला नाही आणि खर्चाच्या तुलनेत योजना परवडली. मजुरी मात्र माफकच वाढली. मागासलेला भाग, मोठी आणि ठरावीक मुदतीची सवलत, सगळ्या पात्र उद्योगांना एकच नियम, असं ते चित्र होतं. एका कंपनीशी बंद दाराआड ठरलेल्या सौद्यापेक्षा हे फार वेगळं आहे.

अशा सौद्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं. फॉक्सकॉन कंपनीने 2017 मध्ये 10 अब्ज डॉलर गुंतवणूक आणि 13,000 नोकऱ्यांचं आश्वासन दिलं आणि राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. 2021 मध्ये करार नव्याने झाला: 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलर. राज्याच्या सवलतींचा मोठा भाग प्रत्यक्ष नोकऱ्या आणि गुंतवणुकीशी बांधलेला होता, म्हणून राज्याची तिजोरी बरीचशी वाचली. पण माउंट प्लेझंट या गावाने जमीन आणि सुविधांवर आधीच मोठा खर्च करून टाकला होता, आणि तो परत घेण्यासारखा नव्हता. नोकऱ्या दिसतील तसे हप्ते द्यावेत हा नियम जमीन, पाणी आणि रस्ता यांनाही लावला पाहिजे, हे मी तेव्हापासून प्रत्येक अहवालात लिहितो.

आता शिक्षणाकडे. इथे पहिली हरकत ठरलेली असते: आम्ही मुलं शिकवायची आणि ती दुसऱ्या शहरात जाणार, मग आमच्या पैशाचा आम्हाला काय उपयोग? ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. पण आकडे तिला पूर्ण साथ देत नाहीत. अमेरिकेसारख्या भटक्या समजल्या जाणाऱ्या समाजातही निम्म्याहून जास्त लोक नोकरीची बहुतेक वर्षं जन्मराज्यातच काढतात. आणि जे राहतात त्यांचा फायदा त्यांच्यापुरता राहत नाही. मोरेट्टी यांच्या 2004 च्या अभ्यासात शहरातल्या पदवीधरांचं प्रमाण एका टक्का-बिंदूने (समजा 20 वरून 21 टक्क्यांवर) वाढलं की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी सुमारे 1.9 टक्के वाढलेली दिसते, पदवीधरांची स्वतःची मात्र 0.4 टक्केच. शेजारी शिकलेला असेल तर न शिकलेल्याचीही मजुरी वाढते. हा मुद्दा मी नियोजनाच्या बैठकीत मांडतो तेव्हा लोक थांबून ऐकतात, कारण शिक्षणाचा खर्च हा फक्त शिकणाऱ्याच्या घरचा फायदा आहे, असा समज पक्का बसलेला असतो.

शाळा बांधून मजुरी वाढते का याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा इंडोनेशियातला. तिथल्या सरकारने 1973 नंतरच्या काही वर्षांत 61,000 हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. एस्थर डुफ्लो यांनी 2001 मध्ये दाखवलं की दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की मुलांचं शिक्षण सरासरी 0.12 ते 0.19 वर्षांनी वाढलं आणि मोठेपणी मजुरी 1.5 ते 2.7 टक्क्यांनी. परिणाम लहान दिसतो, पण तो अख्ख्या पिढीवर आयुष्यभर चालतो. कॅलामाझूमध्ये 2005 मध्ये दात्यांनी जाहीर केलं की शहराच्या सरकारी शाळांतून बारावी होणाऱ्या मुलांचं राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांतलं शुल्क आम्ही भरू. किती भरायचं ते मूल त्या शाळांत किती वर्षं होतं यावर ठरणार. पदवी किंवा प्रमाणपत्र पुरं करणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं आणि खर्चावरचा परतावा वर्षाला 11 टक्क्यांच्या आसपास निघाला. इथे अडचण वेळेची आहे. शाळेवर आज घातलेला पैसा रोजगारात उतरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि आज पंचेचाळिशीत असलेल्या बेकार माणसाला त्याचा थेट उपयोग काहीच नाही.

म्हणून मी कारखाना की शाळा असा सामना लावत नाही. नोकरी आणि शिक्षण एकमेकांवर परिणाम करतात, आणि तो परिणाम चांगलाच असेल असं नाही. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर भारतात चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडून तीन वर्षं तिथे भरती करणारे लोक पाठवले. कॉल सेंटरसारख्या कार्यालयांतल्या नोकऱ्यांची माहिती मुलींना द्यायची, अर्ज करायला मदत करायची, बस. या गावांत तरुण मुलींची लग्नं आणि बाळंतपणं लांबली, त्या कामाला लागल्या किंवा पुढे शिकल्या. त्याहून लहान मुलींचं शाळेत असणंही वाढलं. गावात एकही इमारत उभी राहिली नव्हती. शिकलेल्या मुलीला पगार मिळतो हे आईवडिलांना डोळ्यांनी दिसलं होतं.

दुसरा अभ्यास डेव्हिड अ‍ॅटकिन यांचा, मेक्सिकोतला. 1986 ते 2000 या काळात तिथे निर्यातीचे कारखाने झपाट्याने उघडले. त्या कारखान्यांना फारसं शिक्षण लागत नव्हतं. शाळा सोडता येण्याच्या वयाच्या आसपास गावात कारखाना उघडला की मुलं शाळा सोडत होती: दर 25 नव्या नोकऱ्यांमागे एक मूल नववीनंतर बारावीपर्यंत न जाता थांबलं. त्या मुलाच्या हातात आज पगार आहे, पण कारखाना हलला की त्याच्याकडे शिक्षणही नाही आणि दुसरीकडे चालेल असं कौशल्यही नाही.

दोन्हीकडे नोकऱ्याच आल्या. फरक पडला तो नोकरी कोणत्या पायरीवरच्या माणसाला बोलावत होती यामुळे. तेव्हा प्रस्ताव हातात आला की पदनिहाय किमान शिक्षणाची अट मी सगळ्यात आधी बघतो. सगळ्या जागा आठवी-नववी पासच्या असतील आणि त्या भागात शाळा सोडण्याचं प्रमाण आधीच जास्त असेल, तर बारावीनंतरच भरती, शिकाऊ उमेदवारांना आठवड्यातून ठरलेले तास वर्ग, अशा अटी करारातच घालायला सुचवतो. उलट सगळ्या जागा पदवीधर अभियंत्यांच्या असतील तर स्थानिकांचा हिस्सा पाचव्याहूनही खाली जाणार हे आधीच लिहून ठेवतो.

पंचेचाळिशीतल्या माणसाचा प्रश्न मघाशी बाकी राहिला. सरसकट प्रशिक्षणाने फार साधत नाही, पण ठरावीक उद्योगक्षेत्राला धरून केलेलं प्रशिक्षण चालतं. अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांच्या यादृच्छिक चाचण्यांमध्ये (चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना प्रशिक्षण द्यायचं आणि बाकीच्यांशी तुलना करायची) कमाई 14 ते 39 टक्क्यांनी वाढलेली दिसते. त्यांत तीन गोष्टी समान होत्या: उमेदवाराची आधी नीट पारख, दुसऱ्या मालकाकडेही चालेल असं प्रमाणपत्र, आणि प्रशिक्षणाच्या काळात प्रवास, मुलांचा सांभाळ यांसारख्या अडचणींत मदत. प्रमाणपत्राचं महत्त्व युगांडातल्या प्रयोगातही दिसलं. कारखान्यातच शिकलेल्या तरुणांचा फायदा काळाबरोबर ओसरत गेला, संस्थेत शिकून प्रमाणपत्र घेतलेल्यांचा टिकला. एक सावधगिरी: फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपाँ आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की शिकलेल्या बेकार तरुणांना नोकरी शोधायला मदत केली तेव्हा त्यांना मिळालेल्या काही नोकऱ्या मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्यातून गेल्या होत्या. जागा मोजक्या असतील तर प्रशिक्षणाने फक्त रांगेतले क्रमांक बदलतात. म्हणूनही दोन्ही बाजू एकत्र हलवाव्या लागतात.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतल्या रस्त्यांमुळे लोक शेतीबाहेरच्या कामाकडे वळले आणि उच्च प्राथमिक वर्गांतली पटसंख्या वाढली, पण गावाचं उत्पन्न आणि मालमत्ता यांत मोठा बदल दिसला नाही. रस्ता माणसाला कामापर्यंत नेतो, गावात काम आणत नाही.

आणि स्थानिकांसाठी नोकऱ्या कायद्याने राखून ठेवण्याबद्दल, कारण हे प्रत्येक वेळी विचारलं जातं. हरियाणाने महिना 30,000 रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांपैकी 75 टक्के स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कायदेशीर बाजू बाजूला ठेवली तरी माझा अनुभव असा की कौशल्य नसताना टक्केवारी लादली की ती कागदावर भरते. रिक्त जागांची माहिती आधी स्थानिक प्रशिक्षण संस्थेला द्यायची, ठरावीक दिवस तिथले उमेदवार बघायचे आणि नंतर बाहेर जाहिरात करायची, ही साधी अट मला जास्त कामाची वाटते.

सुरुवातीच्या प्रश्नात सवलतीचा पैसा कुठून येणार हे लिहिलेलं नाही, आणि निकाल बहुतेक तिथेच लागेल. बार्टिक यांनी हेही गणित मांडलं आहे. सवलतीचा खर्च शाळांच्या तरतुदीत काटछाट करून भागवला तर पुढच्या पिढीच्या कमाईतला तोटा आजच्या नोकऱ्यांचा फायदा गिळून टाकतो आणि भागाचा एकूण हिशेब तोट्यात जातो. लहान आणि मध्यम उद्योगांना तांत्रिक सल्ला, त्यांच्या गरजेनुसार प्रशिक्षण, अशा सेवांवर तोच पैसा घातला तर दर रुपयामागे करमाफीपेक्षा अनेक पटींनी जास्त नोकऱ्या उभ्या राहतात असंही त्यांचं काम सांगतं. त्यामुळे मला विचाराल तर शाळांचा पैसा हलवायचा नाही, करमाफी मागितली आहे त्याहून बरीच कमी आणि मुदतबंद द्यायची, आणि उरलेला पैसा उद्योगक्षेत्रनिहाय प्रशिक्षणावर आणि आधीपासून इथे असलेल्या लहान उद्योगांवर घालायचा. कारखान्याला हे मान्य नसेल तर तो जाईल अशी भीती घातली जाईल. पहिल्या पायरीवरचे 2 ते 25 टक्के तेव्हा आठवावेत.

शेवटची गोष्ट उद्याच करण्याची आहे. करार होण्याआधी त्या रोजगार-भागातल्या काही हजार घरांची पाहणी करून घ्या: कोण काय काम करतं, किती दिवस मिळतं, किती मिळकत, मुलं कोणत्या इयत्तेत, कोणी शाळा सोडली. तशीच पाहणी कारखाना न येणाऱ्या एखाद्या सारख्या भागातही करा. माझ्याकडे पाच-सहा वर्षं चाललेले प्रकल्प मूल्यमापनाला येतात आणि आधीची नोंद कुणीच ठेवलेली नसते. मग कारखान्याने दिलेली कामगारांची यादी एवढाच पुरावा हातात उरतो, आणि गावातल्या माणसाचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. कारखाना सुरू झाल्यावर ही नोंद मागे जाऊन करता येत नाही.